टाके भरले, मग दुखतंय काय?

महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझरचं असतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण २५.४ टक्के निघालं, गोव्यात तर ते चाळिशीला टेकलं होतं. सिझर न पाहिलेलं घर आता शोधावं लागेल. तरी त्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या दुखण्याबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे ‘एवढं दुखणारच, सगळ्याच बायकांना दुखतं’. दुसरी म्हणजे ‘मणक्यात सुई घेतली ना, आता कंबर जन्माची गेली’. पहिली दुखण्याला क्षुल्लक ठरवते, दुसरी असाध्य. दोन्ही ऐकून बाई घरीच बसते, आणि खरं नुकसान तिथे होतं.

‘सव्वा महिना झाला की सगळं पूर्ववत’

सव्वा महिना ही विश्रांतीची चांगली रीत आहे, पण शरीर त्या तारखेला बांधलेलं नाही. सिझरमध्ये त्वचा, चरबी, पोटाच्या स्नायूंवरचं चिवट आवरण, उदराचा आतला पडदा आणि गर्भाशय असे थर एकामागून एक उघडतात. स्नायू मात्र बहुतेक वेळा कापत नाहीत, मधोमध विलग करून बाजूला सारतात. वरची त्वचा दोनेक आठवड्यांत मिटते, म्हणून बघणाऱ्याला वाटतं झालं बरं. आतल्या चिवट आवरणाला भरायला महिने लागतात आणि वण त्यानंतरही वर्षभर बदलत राहतो. सहाव्या आठवड्यात वाकताना ओढ बसणं किंवा खोकताना कळ येणं यात काही बिघडलंय असं नाही. दुखणं हळूहळू का होईना, उतरतंय ना, एवढं पाहायचं.

उतरत नसेल तर? शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात स्वतंत्र नोंद आहे. सिझरनंतर वर्षभरानेही काही ना काही दुखत असल्याचं साधारण दहातली एक बाई सांगते. बहुतेकींचं दुखणं सौम्य असतं. काहींना मात्र बाळाला कडेवर घेणंही जड जातं.

‘अंगावर दूध आहे, गोळ्या नकोत. सोसायचं थोडं’

मला विचाराल तर सगळ्या समजुतींत ही सर्वांत महाग पडते. पहिल्या काही दिवसांत ज्यांना तीव्र वेदना होतात, त्यांच्यात पुढे दुखणं रेंगाळण्याचा धोका जास्त असतो, हे शस्त्रक्रियांच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. सतत वेदनेचे संदेश पोचत राहिले की मज्जासंस्था हळवी होते आणि मग साध्या स्पर्शालाही कळ उठते. दुखतंय म्हणून बाई हलत नाही, खोल श्वास घेत नाही, बाळाला नीट छातीशी धरू शकत नाही. सोसण्याला आपल्याकडे फार मान आहे. जखमेला त्याचं काही वाटत नाही.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुधातून फार अल्प प्रमाणात उतरतात आणि स्तनदा मातांसाठी हीच पहिल्या पसंतीची औषधं आहेत. पॅरासिटामॉल तर ताप आल्यावर बाळालाही देतात. सुरुवातीचे दिवस ही औषधं डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळेला घ्यावीत, असह्य होण्याची वाट पाहत बसू नये. मूत्रपिंडाचा त्रास, जठरातला व्रण किंवा गरोदरपणात वाढलेला रक्तदाब असेल तर आयबुप्रोफेनबद्दल आधी विचारून घ्यावं. कोडीन आणि ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या मात्र वेगळ्या. त्यांनी बाळाला जास्त झोप आणि श्वासाचा त्रास होऊ शकतो, म्हणून घरातल्या कुणाच्या उरलेल्या पट्टीतली गोळी घेणं नको.

‘त्या सुईनेच कंबर गेली’

पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. भूल त्याच्या खाली देतात आणि सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. टोचल्या जागी काही दिवस दुखरं वाटतं, इतकंच. कळा कमी करण्यासाठी कमरेत भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झाली, तेव्हा दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. नैसर्गिक प्रसूती झालेल्यांचीही कंबर दुखतेच. नऊ महिन्यांत पोट पुढे येऊन कण्याचा बाक बदललेला, पोटाचे स्नायू ताणून सैल झालेले, त्यात दिवसातून आठ-दहा वेळा वाकून बाळाला पाजायचं. बाळाखाली उशी घेऊन त्याला छातीपर्यंत वर आणणं आणि पाठीला टेकू देणं, याने पुष्कळ फरक पडतो. सुईमुळे होणारा खरा त्रास वेगळाच असतो: पहिल्या काही दिवसांत बसलं की उठणारी आणि आडवं झालं की ओसरणारी तीव्र डोकेदुखी. ती झाली तर लगेच कळवावं, तिच्यावर उपाय आहे.

‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे मनाचे खेळ’

इथे जरा थांबू, कारण रेंगाळलेल्या दुखण्याचं बरंचसं कोडं इथेच आहे. ओटीपोटावर आडवा छेद घेण्याची पद्धत जर्मन डॉक्टर फान्नेनश्टील यांनी १९०० साली मांडली. वण झाकला जातो, हर्नियाचं प्रमाणही कमी राहतं. पण जांघेच्या दिशेने जाणाऱ्या दोन बारीक नसा या छेदाच्या टोकांजवळून जातात. एखादी दुखावली, टाक्यात किंवा वणाच्या घट्ट पेशीजालात अडकली, तर वणाच्या एका टोकाला जळजळ, टोचणी किंवा विजेसारखी कळ येते आणि ती कधी जांघेपर्यंत उतरते. सोनोग्राफीत गर्भाशय आणि अंडाशय ठीक दिसतात, कारण ते ठीकच असतात.

हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. डॉक्टर दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात आणि उताणं झोपलेल्या बाईला मान-खांदे उचलायला सांगतात. पोट ताठ झाल्यावर दुखणं तसंच राहिलं किंवा वाढलं, तर त्याचं मूळ पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता जास्त. ही खूण कार्नेट नावाच्या शल्यचिकित्सकाने १९२६ सालीच नोंदवून ठेवली आहे. पुढे त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन देतात. दुखणं थांबलं तर निदान पक्कं होतं, आणि काहींना तोच उपचारही पुरतो. वणाच्या वरच्या बाजूला त्वचेचा पट्टा बधिर वाटणं मात्र फार सर्रास आढळतं. ते बहुधा महिन्यांनी कमी होतं, काहींना थोडं कायम राहतं.

आणखी एक कारण अनेकदा वर्षानुवर्षं हुकतं. वणाजवळ गाठ लागते आणि ती पाळीच्या दिवसांत ठणकते. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी शस्त्रक्रियेच्या वेळी वणात रुजल्याने असं होऊ शकतं. गाठ काढून टाकणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय. म्हणून दुखण्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. डॉक्टरांना त्या नोंदीतून जे कळतं, ते ‘अधूनमधून दुखतं’ यातून कळत नाही. खोकल्यावर फुगणारी आणि आडवं झाल्यावर आत जाणारी गाठ असेल तर हर्नियाची शंका घ्यावी.

आता राहिलं मन. नैराश्य, अपुरी झोप आणि भीती यांनी वेदना वाढते हे खरं आहे. सिझर घाईगर्दीत, जिवाच्या भीतीने झालं असेल तर ती आठवणही दुखण्याला चिकटून बसते. पण म्हणून वेदना खोटी ठरत नाही. दोन्हींवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी मराठीतूनही चालतो.

भात, ताक, आंबट खाल्ल्याने टाके पिकतात ही समजूत मात्र चटकन निकालात काढता येईल. टाके पिकतात जंतूंमुळे. जखम भरायला प्रथिनं लागतात. वरण, उसळ, अंडी, दूध, जे परवडेल ते पोटभर खावं. पाणी कमी प्यायला लावणं तर उलटंच, कारण बद्धकोष्ठ झालं की कुंथताना टाके ओढले जातात. पोटाला पट्टा बांधून सुरुवातीला उठता-बसताना आधार वाटत असेल तर जरूर बांधावा, पण पोट सपाट करण्याचं काम तो करत नाही.

शेकशेगडीबद्दल मात्र मी जरा कडक आहे. वणाभोवतीची त्वचा बधिर असते, त्यामुळे गरम पिशवीचा चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच ध्यानात येतं. बंद खोलीत निखाऱ्यांची धुरी घेणं आई आणि बाळ दोघांच्याही श्वासाला घातक आहे. कंबर शेकायची तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पिशवी पुरे, आणि वणापासून लांब.

उपयोगी पडणाऱ्या गोष्टी तशा साध्या आहेत. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावं, खोकताना वणावर उशी दाबून धरावी. पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालावं. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. पाण्याची कळशी, गॅसचं सिलिंडर, मोठं मूल हे सगळं त्यात आलं, आणि घरातल्या इतरांनी हे वाक्य दोनदा वाचावं. सहा आठवड्यांनी, जखम पूर्ण कोरडी असल्यास, डॉक्टरांना विचारून वणावर बोटांनी हलकं गोलाकार चोळायला हरकत नाही. वण हात लावू देत नसेल तर आधी कापूस, मग सुती कापड, मग टॉवेल असा स्पर्श रोज मिनिट-दोन मिनिटं सवयीचा करत न्यायचा. पोटाच्या आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले बरे.

तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर प्रसूतितज्ज्ञांकडे परत जावं आणि नेमकं सांगावं: एका बोटाने दाखवता येणारी जागा, जळतं की ओढतं, पाळीशी संबंध आहे का, संबंधांच्या वेळी दुखतं का. शेवटचा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत आणि बायका सांगत नाहीत. मोठ्या रुग्णालयांत वेदनेसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग असतो आणि तो बहुधा भूलतज्ज्ञच चालवतात. तिथे चिठ्ठी द्या असं म्हणायला संकोच नसावा.

काही बाबतींत मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: ताप, वणातून पू किंवा वाढती लाली, दुर्गंधीयुक्त स्राव, अचानक वाढलेला रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. धाप लागली, छातीत दुखू लागलं किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर सकाळचीही वाट पाहायची नाही. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.