एकच जनुक, दोन भावंडं, दोन तऱ्हा

एकाच आईबापाची दोन लेकरं. दोघांच्याही रिपोर्टवर 'एसएस' लिहिलेलं, म्हणजे दोघांनाही सिकलसेल. पण थोरला महिना-दोन महिन्यांनी हातपाय धरून रडतो, त्याला रक्त चढवावं लागतं. धाकटी शाळेत जाते, खेळते, वर्षातून एखाद्या वेळी दुखणं काढते. वाशीमपासून गोंदियापर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये अशी घरं आहेत. मग शेजारपाजार बोलू लागतो की थोरल्याला कोणाची तरी नजर लागली, नाहीतर धाकटीचा रिपोर्टच चुकला. नजरबिजर काही नसते, आणि रिपोर्टही बहुधा बरोबरच असतो. दोघांत 'सिकल'चं जनुक एकच आहे. फरक पडतो तो त्याच्या सोबतीला असलेल्या बाकीच्या जनुकांमुळे.

जनुक म्हणजे आईकडून आणि बापाकडून आलेली, शरीराच्या एखाद्या कामाची सूचना. या सूचना एकमेकींत कशा गुंततात हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते एका अळीत. भाजीच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी शेतावर जाणाऱ्यांना माहीत आहेत. त्यांच्याच जातकुळीतली, पण कोणालाही त्रास न देणारी एक मिलिमीटरची अळी कुजक्या फळा-पाल्यात राहते. तिचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, त्यामुळे ते कशानं वाढतं आणि कशानं घटतं हे लवकर कळतं. १९९३ साली अमेरिकेत सिंथिया केन्यन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की 'डॅफ-२' हे जनुक कमजोर झालेली अळी दुप्पट जगते. पण त्याच अळीत 'डॅफ-१६' हे दुसरं जनुक बंद असेल, तर वाढलेलं सगळं आयुष्य निघून जातं. कारण शरीराची डागडुजी करून घेणारा खरा मुकादम डॅफ-१६, आणि डॅफ-२ त्याला दाबून ठेवतं.

पुढे २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बक संस्थेत पंकज कपाही यांच्या चमूनं आणखी एक गोष्ट दाखवली. एका जनुकातल्या बदलानं आयुष्य दुप्पट होत होतं, दुसऱ्यानं थोडंसंच वाढत होतं. दोन्ही बदल एकाच अळीत आणल्यावर ते जवळजवळ पाचपट झालं. साध्या बेरजेत हे बसत नाही. (हे वाचून कोणी आयुष्य वाढवायची पावडर विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. अळी ती अळी, माणूस तो माणूस.)

आता आपल्या रक्ताकडे येऊ. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून आपल्या समाजाचं नाव या आजाराशी जोडलं गेलं. म्हणून कोणी याला जातीचा रोग म्हणत असेल तर त्याला सांगा की हे जनुक आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, आदिवासींत आहे, इतर समाजांतही आहे. जिथे हिवतापाचा जोर होता तिथे ते टिकलं, कारण एकाच बाजूनं हे जनुक मिळालेला माणूस, म्हणजे 'एएस' वाहक, जीवघेण्या हिवतापातून जास्त वेळा वाचायचा. दोन्ही बाजूंनी मिळालं की मात्र आजार होतो. तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात.

इथे सोबतीची जनुकं कामाला येतात. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि ते चिकटत नाही. म्हणूनच एसएस बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. जन्मानंतर 'बीसीएल११ए' नावाचं जनुक हे बाळ-हिमोग्लोबिन जवळजवळ बंद करून टाकतं. ज्यांच्यात ते पुरतं बंद होत नाही, त्यांना त्रास कमी होतो. दुसरं उदाहरण अल्फा थॅलेसेमियाचं. एरवी हा दोषच, पण सिकलसोबत आला तर प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनची दाटी कमी होते आणि चिकटणंही घटतं. दक्षिण गुजरातच्या आदिवासी रुग्णांत ही जोडी फार आढळते, आणि त्यांचा आजार सहसा सौम्य असतो. नागपूरकडच्या रुग्णांत ती कमी आढळते, आणि आजार जास्त तीव्र दिसतो. 'भारतातला सिकलसेल सौम्य असतो' हे वाक्य म्हणून विदर्भात तरी जपूनच ऐकावं.

हायड्रॉक्सियुरिया ही गोळी शरीरात बाळ-हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांनी रक्त तपासूनच घ्यायची. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. परदेशात २०२३ च्या अखेरीस जनुक-उपचाराला मंजुरी मिळाली. त्यात बीसीएल११एचा हाच खटका रक्तपेशींपुरता बंद करतात, पण अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. आपल्या हातात आज आहे ती गोळी.

धाकटीला त्रास कमी आहे म्हणून तिची तपासणी टाळू नका. एसएस असलेल्या कोणत्याही लेकराला ताप भरला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा डाव्या बरगडीखाली पोट फुगलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी भरपूर पाणी पाजा आणि थंडीपासून जपा.

राहिला लग्नाचा प्रश्न. आपण पत्रिका जुळवत नाही, पण रक्ताचे रिपोर्ट जरूर शेजारी ठेवावेत. दोघंही एएस असतील तर दर बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. एक एएस आणि दुसरा साधा 'एए' असेल, तर एसएस मूल होत नाही. एएस मुलीला नाकारणारी घरं आहेत. त्यांनी आधी आपल्या मुलाचं रक्त तपासून घ्यावं. सोल्युबिलिटीची झटपट चाचणी फक्त सिकल आहे की नाही एवढंच सांगते. एएस की एसएस हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. कुठे आणि कधी होते ते आशाताईंना विचारा, आणि रिपोर्ट आधारकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्राच्या अर्जाला हाच कागद लागेल.