उभ्या विमानाचा मीटर

पुण्या-मुंबईत फ्लॅट भाड्याने दिलेल्या कुणालाही विचारा. भाडेकरू गेला की पहिले पंधरा दिवस माणूस रंगकाम काढतो, नंतर त्याला झोप येईनाशी होते. सोसायटीचा मेन्टेनन्स थांबत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही आणि एजंट फोनवर ‘पार्टी बघतोय साहेब’ एवढंच म्हणत राहतो. आता हाच फ्लॅट सव्वाचारशे कोटी रुपयांचा आहे, त्याला पंख आहेत आणि असे तीनशे फ्लॅट तुमच्या नावावर आहेत, असं समजा. विमानं भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाची मंदीतली सकाळ साधारण अशी उजाडते.

आकडे गोल धरून चालू, हिशेबाला सोपे. एअरबस ए३२० निओ, म्हणजे आपल्याकडे मुंबई-दिल्लीला सर्रास उडतं ते विमान, घासाघीस करून ५ कोटी डॉलरच्या आसपास पडतं. महिन्याचं भाडं साडेतीन लाख डॉलर धरा आणि डॉलर ८५ रुपयांना. महिन्याला जवळपास ३ कोटी रुपये, दिवसाला १० लाख, मिनिटाला ७००. ‘तांत्रिक कारणामुळे’ तुम्ही तासभर गेटपाशी ताटकळता तेव्हा या विमानाचा मीटर ४२ हजारांनी पुढे सरकलेला असतो. १८६ खुर्च्या, दिवसाला सहा फेऱ्या आणि शंभरातल्या पंच्याऐंशी खुर्च्या भरलेल्या धरल्या, तर प्रत्येक तिकिटातले हजारएक रुपये अशा मालकाला जातात, ज्याचं नावही आपण ऐकलेलं नसतं. नाव असतं मात्र. दाराच्या चौकटीवर किंवा कॉकपिटमध्ये धातूची एक छोटी पट्टी ठोकलेली असते: हे विमान अमुक कंपनीच्या मालकीचं असून भाडेपट्ट्यावर दिलेलं आहे. जगातली जवळपास निम्मी प्रवासी विमानं आज अशी पट्टी मिरवत उडतात. भारतात हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे.

महिन्याला ३ कोटी ऐकून या मालकाचा हेवा वाटत असेल, तर थांबा. विमानाच्या किमतीतले पाऊण पैसे कर्जाचे असतात. ५ टक्के व्याज धरलं तर महिन्याला १ कोटी ३३ लाख तिथेच गेले. विमान पंचवीस वर्षांत झिजून मूळ किमतीच्या १५ टक्क्यांवर येईल असं मानलं, तर घसारा महिन्याला १ कोटी २० लाख. उरले ४४ लाख, तेही पगार, विमा आणि कर भरायच्या आधी. विमान महिनाभर रिकामं उभं राहिलं तर व्याज आणि घसारा मिळून अडीच कोटींचा खड्डा पडतो. तो ४४-४४ लाखांनी बुजवायला पावणेसहा महिने लागतात. सहा महिने उभं राहिलं की जवळपास तीन वर्षांची कमाई गेली. या धंद्यात भाडं किती मिळतं याला फारसा अर्थ नाही. विमान किती दिवस रिकामं राहिलं, याला आहे.

आणि एक गोष्ट याहूनही जीवघेणी असते: भरभराटीच्या दिवसांत दिलेली ऑर्डर. विमान काही दुकानातून उचलून आणायची वस्तू नाही. आज नोंदवलं तर हातात पडायला काही वर्षं जातात, आणि ते नेमकं मंदीच्या मुहूर्तावर दारात येऊन उभं राहण्याची दाट शक्यता असते. याचा सगळ्यात मोठा धडा आयर्लंडमधल्या शॅननमध्ये मिळाला.

टोनी रायन हे आयर्लंडच्या एर लिंगस या विमान कंपनीतले अधिकारी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हिवाळ्यात रिकामं पडणारं कंपनीचं एक जम्बो जेट थायलंडच्या एअर सियामला भाड्याने दिलं गेलं आणि त्या कामासाठी रायन बँकॉकला गेले. एकाला नकोसं झालेलं विमान पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी हवंच असतं, हे त्यांना तिथे उमगलं. १९७५ साली त्यांनी गिनीस पीट एव्हिएशन, म्हणजे जीपीए, काढली. भांडवल ५० हजार डॉलर. त्यातले रायन यांचे स्वतःचे ५ हजार, बाकीचे एर लिंगस आणि लंडनच्या गिनीस पीट या वित्तसंस्थेचे.

चौदा वर्षांनी, १९८९ मध्ये, याच कंपनीने बोइंग, एअरबस आणि मॅकडॉनेल डग्लस या तिघांकडे मिळून ३०८ विमानं नोंदवली. किंमत सुमारे १,७०० कोटी डॉलर. तेव्हा आयर्लंड या अख्ख्या देशाचं वार्षिक उत्पन्न ४,००० कोटी डॉलरच्या आतबाहेर होतं. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नातले शंभरातले चाळीसहून जास्त रुपये एका खासगी कंपनीच्या एका खरेदीत! लोकसंख्या ३५ लाख. तान्ह्या बाळांसकट माणशी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला ४,८०० डॉलर येतात, म्हणजे रायन यांनी १९७५ साली स्वतःच्या खिशातून घातले होते जवळपास तेवढेच.

ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. तेल भडकलं, युद्ध झालं, अमेरिकेत मंदी आली, आणि दरवर्षी वाढायचीच सवय असलेली जगाची विमान वाहतूक १९९१ मध्ये चक्क घटली. त्याच वर्षी डिसेंबरात पॅन अॅम या अमेरिकी विमान कंपनीला कुलूप लागलं. विमानं परत येऊ लागली आणि ऑर्डरमधली नवी विमानं कारखान्यातून बाहेर पडायची थांबेनात. जून १९९२ मध्ये जीपीएने शेअर बाजारातून पैसा उभारायचं ठरवलं. संचालक मंडळावर ब्रिटनचे माजी अर्थमंत्री, आयर्लंडचे माजी पंतप्रधान अशी वजनदार नावं होती, तरी इश्यूला पुरेसे खरेदीदार मिळाले नाहीत आणि तो मागे घ्यावा लागला. माजी पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी तर कर्ज काढून या कंपनीचे शेअर घेतले होते. शेअर मातीमोल झाले, कर्ज मात्र राहिलं. अर्थतज्ज्ञ होते ते. १९९३ मध्ये अमेरिकेच्या जीई कॅपिटलने जीपीएचा बराचसा धंदा आपल्याकडे घेतला आणि त्यातून जीकास ही कंपनी उभी राहिली. जीपीएचं उरलेलं धूड नंतर नावं बदलत, मालक बदलत जगत राहिलं.

हा धडा पुढच्यांनी घोकून ठेवला होता, हे २०२० मध्ये दिसलं. एप्रिल २०२० मधला जगाचा विमानप्रवास आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा ९४ टक्क्यांनी घटला. १६ हजारांहून जास्त विमानं जमिनीवर आली. त्यातली निम्मी भाड्याची आणि सगळी लहान विमानं धरली, तरी आपल्या दिवसाला १० लाखांच्या मापाने रोजचा मीटर ८०० कोटी रुपये होतो. भाडेकरार वाचले तर मालकाने निर्धास्त असायला हवं. आभाळ कोसळलं तरी भाडं द्यायचं, विमान उडो वा न उडो, असं कलम त्यात असतंच. पण आभाळच कोसळल्यावर विमान जप्त करून न्यायचं कुठे? दुसरा भाडेकरू आहे कुठे? म्हणून बहुतेकांनी काही महिन्यांचं भाडं पुढे ढकललं आणि गप्प बसले. शहाण्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. एक, ऑर्डरी कापल्या: एप्रिल २०२० या एकाच महिन्यात अव्होलॉनने ७५ आणि जीकासने ६९ बोइंग ७३७ मॅक्स रद्द केली. मॅक्स विमानं मार्च २०१९ पासून जमिनीवर होती, त्यामुळे ती रद्द करायला आयतं निमित्तही मिळालं. दुसरी, रोकड असणाऱ्यांनी अडलेल्यांची विमानं विकत घेऊन त्यांनाच भाड्याने दिली. सिंगापूरच्या बीओसी एव्हिएशनने युनायटेड एअरलाइन्सची २२ विमानं अशी घेतली. गावाकडे दुष्काळात सावकार शेत लिहून घेई आणि त्याच शेतकऱ्याला ते बटाईने कसायला देई, त्यातलाच प्रकार, फक्त कागद इंग्रजीत.

विमान नुसतं उभं करायलाही माणसं लागतात. स्पेनमधलं तेरुएल, ऑस्ट्रेलियातलं अॅलिस स्प्रिंग्ज अशा कोरड्या हवेच्या ठिकाणी ती नेतात, कारण दमट हवा धातूला खाते. इंजिनाच्या तोंडांना लाल झाकणं घालतात. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतात, औषधाच्या बाटलीत पुडी असते त्याच, पण उशीएवढ्या. चाकं ठरावीक दिवसांनी थोडी फिरवावी लागतात, नाहीतर टायर एका बाजूने चपटे होतात. वेग मोजणाऱ्या नळ्यांची तोंडं बांधायची, नाहीतर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. ब्रिस्बेनला हा उपद्रव इतका आहे की शास्त्रज्ञांनी त्याचा स्वतंत्र अभ्यास केला. प्रत्येक कामाची सही-तारखेनिशी नोंद लागते. नोंदी हरवलेल्या विमानाला भंगाराच्या भावाच्या वर कुणी विचारत नाही.

आणि कधीकधी विमान समोर दिसत असूनही मालकाला हात लावता येत नाही. मुंबईच्या गो फर्स्ट या विमान कंपनीने २ मे २०२३ ला स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. १० मे रोजी तो मंजूर झाला आणि कायद्याप्रमाणे कंपनीकडच्या मालमत्तेवर स्थगिती आली. त्यात भाड्याची ५४ विमानंही अडकली. सुटे भाग गायब आहेत, देखभाल होत नाही, अशा तक्रारी घेऊन मालक कोर्टात उभे राहिले. सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये विमानांना अशा स्थगितीतून वगळलं, पण दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करा असं सांगेपर्यंत २६ एप्रिल २०२४ उजाडला. ३५२ दिवस, ५४ विमानं. आपल्याच मापाने हे १,९०० कोटी रुपये होतात. अशा अनुभवानंतर मालक पुढच्या भारतीय ग्राहकाला भाडं सांगताना थोडं चढवूनच सांगणार, आणि ते कुणाच्या तिकिटात जातं हे वर आलंच आहे.

जीपीएच्या उरलेल्या धुडाचं काय झालं? २००५ मध्ये त्याचं नाव एरकॅप झालं. २००८ च्या मंदीत एआयजी ही बलाढ्य विमा कंपनी कोसळली, तेव्हा तिची विमानं भाड्याने देणारी आयएलएफसी ही शाखा विक्रीला निघाली. एरकॅपने २०१४ मध्ये ती घेतली. मग कोरोनात विमानतळ ओस पडलेले असताना, मार्च २०२१ मध्ये एरकॅपने पुढचा सौदा जाहीर केला, सुमारे ३,००० कोटी डॉलरचा. विकत घेतली जीकास. १९९३ साली शॅननमधून जे गेलं होतं ते २८ वर्षांनी परत घरी आलं, मधल्या काळात बरंच वाढून. शॅननच्या ऑफिसवरची पाटी तेवढी पुन्हा एकदा बदलली.