पार्लरची जुनी पेटी, मुलांचे नवे खेळ

आज चाळिशीच्या आसपास असलेल्या कोणत्याही भाईजानना ‘मुस्तफा’ म्हटल्यावर काय आठवते, ते विचारून पाहा. शेजारपाजारचे दोनचार मुस्तफा आठवायच्या आधी अनेकांच्या डोळ्यांसमोर व्हिडिओ गेम पार्लर उभे राहील. अंधारी खोली, मुठीत घट्ट धरलेले टोकन आणि पडद्यावर धावत जाऊन लाथ घालणारा तो गडी!

त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. अमेरिकन चित्रकार मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेवर तो बेतलेला होता. त्यातल्या चार गड्यांपैकी एकाचे नाव मुस्तफा कैरो. आपल्याकडच्या मुलांना इंग्रजी नाव उच्चारण्यापेक्षा हे घरातले नाव सोपे वाटले आणि सगळा खेळच ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

पुढे मोबाइल आले आणि पार्लरे बंद पडली. त्यांतली लाकडी यंत्रे गोदामात, पडवीत, कुठे कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून पडून राहिली. आमच्या मोहल्ल्यातील एका चाचांकडे असेच एक यंत्र होते. पडवी रिकामी करताना त्यांनी ते भंगारात काढायचे ठरवले. भंगारवाला लोखंड आणि तांब्याचा भाव सांगत होता, लाकडाला काहीच द्यायला तयार नव्हता. तेव्हा आम्ही ते मागून घेतले. आम्ही म्हणजे आमच्या घरची आणि शेजारची आठवी-नववीतली मुले-मुली, टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवणारा आमचा एक जुना विद्यार्थी आणि वर्गात विज्ञान शिकवणारे आम्ही स्वतः.

चाचांनी यंत्र दिले, पण एक अपेक्षाही बोलून दाखवली. “सर, चालू झाले की माझ्या दुकानासमोर ठेवा. नाणे टाकून पोरे खेळतील, चार पैसे मला मिळतील.” त्यावर काम झाल्यावर बसून बोलू, असे ठरले.

पेटीच्या पोटात काय असते?

बाहेरून हे यंत्र कपाटासारखे दिसते. मागचे दार उघडले की त्यात मोजक्याच वस्तू असतात: पिक्चर ट्यूब, वीज पुरवणारा डबा, स्पीकर, नाणे ओळखणारा खटका, पुढच्या फळीवरची जॉयस्टिक आणि बटणे, आणि ज्यात खेळ साठवलेला असतो तो बोर्ड. या सगळ्यांना जोडणारा वायरींचा एक जाड जुडगा असतो.

या जुडग्यामागे एक शहाणपणाची गोष्ट आहे. सुरुवातीला प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी असे. खेळ जुना झाला की दुकानदाराला सगळे वायरिंग बदलावे लागे. १९८५ च्या सुमारास जपानमधील यंत्र उत्पादकांच्या संघटनेने एक समान जोडणी ठरवली. तिला संघटनेच्या आद्याक्षरांवरून ‘जामा’ म्हणतात. एका पट्टीवर दोन बाजूंना अठ्ठावीस-अठ्ठावीस, म्हणजे एकूण ५६ टोके. त्यांपैकी कोणत्या टोकावर वीज, कोणत्यावर चित्राचे लाल, हिरवे, निळे रंग आणि कोणत्यावर पहिल्या खेळाडूचे बटण, हे सगळे ठरलेले. त्यामुळे जुना बोर्ड ओढून काढायचा, नवा खोचायचा, की त्याच पेटीत दुसरा खेळ सुरू!

म्हणजे जुन्या पेटीला नवे काम देणे ही आजची हौस नव्हे. या धंद्यात ती जुनी रीत आहे. तिचे सर्वात गाजलेले उदाहरण १९८१ सालचे. निन्टेन्डो कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने ‘रडार स्कोप’ या खेळाची सुमारे ३००० यंत्रे मागवली होती. त्यांपैकी जेमतेम १००० विकली गेली. बाकीची गोदामात धूळ खात पडली आणि शाखा बुडायची वेळ आली. तेव्हा जपानमधील शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला त्याच पेट्यांसाठी नवा खेळ तयार करायला सांगितले गेले. तो खेळ म्हणजे ‘डाँकी काँग’. सुटे भाग अमेरिकेत पोहोचल्यावर शाखेचे प्रमुख, त्यांच्या पत्नी आणि मोजके कर्मचारी यांनी हातांनी एकेक पेटी बदलली. न खपलेल्या मालातून कंपनी तरली. ही हकिकत मुलांना सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, “म्हणजे पेटी वाईट नव्हती, आतला खेळ बदलायचा होता?” अगदी तेच.

पिक्चर ट्यूबला हात लावू नये

आमच्या पेटीतला मूळ बोर्ड कोकणातल्या दमट हवेने पार गंजला होता. खालच्या प्लायवूडला वाळवी लागली होती. सुताराकडून तळाची फळी बदलून घेतली. बाकीचे लाकूड घासून, वाळवीचे औषध मारून उन्हात ठेवले. इथवर मुलांनी सगळे केले.

पिक्चर ट्यूबजवळ मात्र मुलांना येऊ दिले नाही. पालकांनी हा भाग नीट वाचावा. रंगीत पिक्चर ट्यूबला चालताना वीस हजार व्होल्टच्या घरात दाब लागतो, आणि प्लग काढल्यानंतरही त्यातला काही भार ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. शिवाय ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. मागची बारीक मान तुटली तर काच जोरात फुटू शकते. हे काम शिकलेल्या माणसाचेच आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्याने नेहमीच्या पद्धतीने तो भार जमिनीत उतरवला आणि ट्यूब अलगद बाहेर काढली. सपाट टीव्ही आल्यापासून त्याच्या या कसबाला गिऱ्हाईक उरले नव्हते. त्या दिवशी दहा-बारा मुले चार हात लांब उभी राहून त्याचे हात पाहत होती.

ट्यूब भंगारात टाकून हातोड्याने फोडू नये. तिच्या काचेत शिसे असते. ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावी.

ट्यूबच्या जागी आम्ही एका ऑफिसातून निघालेला जुना, चौकोनी एलसीडी मॉनिटर बसवला. आजचे रुंद पडदे या खेळांना शोभत नाहीत, चित्र ताणले जाते. आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते. ‘पॅकमॅन’ किंवा ‘गॅलागा’सारख्या खेळांचे चित्र उभे असते, मारामारीच्या खेळांचे आडवे. पडदा एकदा आडवा बसवला की उभे खेळ त्यात लहान दिसतात. आम्ही आडवा बसवला.

नवा मेंदू

एका पेटीत अनेक खेळ हवे असतील तर आत एक छोटा संगणक लागतो. ‘रास्पबेरी पाय’ ही २०१२ साली ब्रिटनमध्ये निघालेली, एटीएम कार्डाएवढी संगणकाची पाटी या कामाला पुरते. ऑफिसातून बाद झालेला साधा संगणकही चालतो, आणि पेटीत जागा भरपूर असते. आमच्याकडे रास्पबेरी पाय होती, दुबईहून सुट्टीवर आलेल्या मामूंनी भाच्याला दिलेली.

बटणे जोडताना मुलांना वीजमंडळाचा धडा प्रत्यक्ष कळला. प्रत्येक बटणाखाली एक लहान खटका असतो. जॉयस्टिकखाली असे चार खटके असतात: वर, खाली, डावा, उजवा. प्रत्येक खटक्याचे एक टोक एकाच सामाईक वायरीला जोडायचे, ती सगळ्या बटणांमधून माळेसारखी ओवत न्यायची. दुसरे टोक आपापल्या वेगळ्या वायरीने एका छोट्या पाटीकडे जाते. ही पाटी यूएसबीने संगणकाला जोडली जाते आणि बटण दाबले की संगणकाला वाटते, कीबोर्डचे एक अक्षर दाबले गेले. आठवीच्या पुस्तकात आकृती पाहून न समजलेली गोष्ट दुपारभरात समजली. डाग देण्याचे काम, म्हणजे सोल्डरिंग, मुलींनी अधिक सफाईने केले, हे नमूद केले पाहिजे.

जॉयस्टिकचीही एक गंमत आहे. ‘पॅकमॅन’च्या गल्ल्यांत चारच दिशा असतात. त्याला तिरकी हलणारी जॉयस्टिक दिली तर वळणावर गोंधळ होतो. मारामारीच्या खेळांना आठ दिशा लागतात. पुष्कळ जॉयस्टिकच्या खाली एक चकती असते, ती फिरवून किंवा बदलून चार आणि आठ दिशा निवडता येतात.

खेळ कोणाच्या मालकीचे?

खरा प्रश्न इथे आला. बाजारात साठ किंवा शेकडो खेळ भरलेले तयार बोर्ड मिळतात. जामा पट्टीत खोचले की काम झाले. पण त्यातील बहुतेक बोर्डांना मूळ कंपन्यांची परवानगी नसते. इंटरनेटवरून जुने खेळ उतरवून घेणे हेही त्याच प्रकारचे. ‘मेम’ नावाचा एक कार्यक्रम आहे, १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेला. तो आजच्या संगणकाला जुन्या बोर्डासारखे वागायला लावतो. कार्यक्रम स्वतः मोफत आणि कायदेशीर आहे. त्यात घालायचे खेळ मात्र ज्याचे त्याच्या मालकीचे असतात.

मुले म्हणाली, “सर, सगळेच घेतात.” खरे आहे. पण परीक्षेत सगळे कॉपी करतात म्हणून आपण करतो का? दुसऱ्याच्या मेहनतीची चीज विचारल्याशिवाय उचलायची नाही, हे आपण घरात रोज शिकवतो. पेटीसाठी वेगळा नियम लावला तर मुले तोच लक्षात ठेवतील. ‘मुस्तफा’ त्यामुळे आमच्या पेटीत नाही. थोरांचीच जास्त निराशा झाली.

मग काय घातले? ‘ग्रिडली’ आणि ‘रॉबी रोटो’ यांसारखे काही जुने खेळ असे आहेत की त्यांच्या हक्कदारांनी ते विनामूल्य, पण बिगर-व्यापारी वापरासाठी खुले केले आहेत. ते घातले. आणि बाकीचे खेळ मुलांनी स्वतः बनवले. अमेरिकेतील एमआयटी संस्थेने २००७ साली खुले केलेले ‘स्क्रॅच’ हे साधन त्यासाठी उत्तम आहे. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून संगणकाला सूचना देता येतात, टायपिंग फारसे लागत नाही. बटण म्हणजे कीबोर्डचे अक्षर, हे मुलांना आधीच कळले होते. त्यामुळे स्वतःचा खेळ पेटीवर चालवायला अडचण आली नाही. एक खेळ आहे खाडीत जाळे टाकून मासे धरण्याचा. एकात एसटी पकडायची असते. एका मुलीने उर्दू अक्षरे ओळखण्याचा खेळ तिच्या लहान भावासाठी केला, आणि सर्वात मोठी रांग त्यालाच लागते.

नाणे की बिननाणे?

काम पूर्ण झाल्यावर चाचांशी बोलणे झाले. त्यांची अडचण खरी होती. पार्लरवर त्यांनी मुलांची शिक्षणे केली होती. आता दुकान जेमतेम चालते. आम्ही दोन गोष्टी मांडल्या. पहिली, ज्यांनी खेळ फुकट दिले त्यांनी धंद्यासाठी दिलेले नाहीत. दुसरी, दुकानासमोर नाण्याची पेटी आली की शाळेच्या डब्याचे पैसे तिच्यात जातात. पुढे ‘हरेल तो देईल’ अशा शर्ती लागतात, आणि ते जुगाराचे पहिले पाऊल असते.

चाचा नाराज झाले. “जी पेटी कमावत नाही, ती सांभाळायची कशाला?” असे म्हणून उठून गेले. त्यांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्याकडे आजही नाही. मात्र टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याने त्यांना सुचवले की, पार्लरच्या काळात जॉयस्टिक, बटणे, कुलुपे दुरुस्त करणारे हात त्यांचेच होते. आता दोघे मिळून किराणा दुकानांचे वजनकाटे आणि मिक्सरची दुरुस्ती करतात. फार मोठी कमाई नाही, पण दुकानाचे शटर रोज उघडते.

नाण्याचा खटका आम्ही काढला नाही. त्याची वायर एका बटणाला जोडली. ते दाबले की खेळ सुरू होतो.

पालकांसाठी चार शब्द

मोबाइल हातातून सुटत नाही म्हणून त्रासलेल्या अम्मी-अब्बांना वाटेल, आणखी एक पडदा कशाला? पण फरक आहे. मोबाइलवरचे अनेक खेळ संपतच नाहीत, मूल एकटे बसते आणि खेळ मध्येच पैसे मागतो. पार्लरचा खेळ तीन जीव गेले की संपतो. पुढचा गडी मागे उभा असतो. पाळी सोडावी लागते, दुसऱ्याचा खेळ बघावा लागतो, हरल्यावर हसावे लागते.

कोणाला असे काम करायचे असेल तर एवढे लक्षात ठेवावे. पिक्चर ट्यूब जाणकाराकडूनच काढावी. पेटीला अर्थिंग असलेलाच प्लग लावावा. पेटी बंद खोलीत नको, ओटीवर किंवा दिवाणखान्यात, घरातल्यांच्या नजरेसमोर असावी. मगरिबची अजान झाली की बटण बंद, हा नियम मुलांकडूनच ठरवून घ्यावा. त्यांनी केलेला नियम ती आपल्यापेक्षा कडक पाळतात. आणि पहिला खेळ विकत किंवा फुकट शोधण्याआधी एक खेळ मुलांना बनवू द्यावा. तो साधा असेल, अडखळेल, चुकेल. पण त्याच्यावर नाव त्यांचे असेल.