ताडोब्याची न दिसणारी रांग

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर पहाटे फारशी झुंबड उडत नाही. परवाने आधीच ठरलेले असतात. नावं आणि ओळखपत्रं जुळली की जिप्सी आत. ही शिस्त हवीच. प्रकल्प सुमारे १७२७ चौरस किलोमीटरचा असला, तरी पाणवठ्यावरच्या वाघाभोवती किती गाड्या उभ्या राहाव्यात याला मर्यादा आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर, म्हणजे गाभा क्षेत्रांमधलं पर्यटन जुलै ते ऑक्टोबर बंदच ठेवलं होतं. पुढे आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते कोअरच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागापुरतं ठेवलं. तक्रार या मर्यादेबद्दल नाही. मोजक्या जागा कुणाच्या हाती पडतात, याबद्दल आहे.

जागा काही महिने आधी ऑनलाइन विकल्या की रांग मोडत नाही, गेटवरून उठून मोबाईलवर जाते. तिथे पुढचा नंबर कुणाचा? ज्याचं नेटवर्क चांगलं, पैसे आगाऊ भरायची ऐपत आणि सुट्टी आधीपासून ठरलेली, त्याचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच जिवतीच्या डोंगरावरचं कोलाम किंवा गोंड कुटुंब कापूस वेचणीत अडकलेलं असतं. कोणता दिवस रिकामा मिळेल, हे त्याला आठवडाभर आधीही सांगता येत नाही. वाघाची धास्ती याच जिल्ह्याच्या वाट्याला, आणि जिप्सीतली जागा पुण्या-मुंबईच्या!

हा पेच जंगलापुरता नाही. फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कात ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ ही राइड २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली. नंबर फोनवरच लावायचे, आणि ते बघता बघता संपायचे. २०२१ च्या सप्टेंबरात तिथे साधी उभी रांग आली. ताडोब्यात मात्र तशी रांग जमणार नाही. राइड रात्रीपर्यंत फिरत राहते, सफारीच्या फेऱ्या दोनच.

ऑनलाइनऐवजी इथेच तिकिटं दिली तर दलाल माजतील, असं म्हटलं जातं. भीती खरी आहे, पण ऑनलाइन व्यवस्थाही सोवळी नाही. ताडोब्याचं बुकिंग पाहणाऱ्या खासगी एजन्सीवर २०२३ मध्ये सुमारे बारा कोटींच्या अपहाराचा गुन्हा नोंदवला गेला. दलाल रोखायला रेल्वेलाही तत्काळ तिकिटांसाठी २०२५ मध्ये आधार-पडताळणी आणावी लागली. स्थानिकांसाठी जागा राखण्यावर दुसरा आक्षेप रोजगाराचा. गाईड आणि चालक आसपासच्या गावांतलेच असतात, हे खरंच; पण जिप्सीत पर्यटक नागपूरचा बसला काय किंवा जिवतीचा, त्यांची फेरी बुडत नाही. त्यांना दर कमी ठेवला तर महसूल थोडा घटेल, एवढंच.

म्हणून गाड्या न वाढवता रोजच्या काही जिप्सी जिल्ह्यातल्या रहिवाशांसाठी ठेवाव्यात, दर कमी असावा आणि सोडत दोन-तीन दिवस आधी तहसील कार्यालयात निघावी. उरलेल्या जागा ऑनलाइन सोडायला हरकत नाही. फक्त रहिवाशांच्या जिप्सी दुपारच्या फेरीत हव्यात. गडचांदूर, राजुरा, चंद्रपूर करत जिवतीहून एसटीने निघालेला माणूस पहाटे मोहर्लीला पोचूच शकत नाही.