मांडीची सैल कातडी
(लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण पोटाची सैल कातडी काढण्याची शस्त्रक्रिया पाहिली. मांडीचंही तसंच करता येतं. पण पोटावरची जखम सपाट, कोरड्या जागी असते. मांडीची जखम असते जांघेत, जिथे घाम साचतो, शौचाची जागा जवळ आणि प्रत्येक पावलाला टाक्यांवर ताण. या शस्त्रक्रियेतल्या बहुतेक अडचणी या जागेमुळेच येतात.

ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत भरपूर वजन उतरवलेले लोक बरेच असतात. चरबी जाते, पण ताणलेली कातडी मागे राहते. चालताना मांड्या घासून सोलवटतात, पावसाळ्यात घडीत बुरशीचा त्रास होतो. व्यायामानं स्नायू भरतात, पण लवचीकपणा गमावलेली कातडी आटत नाही. लायपोसक्शननं नुसती चरबी निघते; कातडी मुळातच सैल असेल, तर ती आणखी लोंबू शकते.

सैलपणा मांडीच्या वरच्या भागापुरता असेल, तर जांघेच्या घडीतच छेद घेतात आणि खूण अंतर्वस्त्राखाली झाकली जाते. तो गुडघ्यापर्यंत असेल, तर मांडीच्या आतल्या बाजूनं उभा छेद लागतो. फरक जास्त दिसतो, खूणही लांब राहते. पूर्वी कातडीला कातडी शिवत. मांडीच्या वजनानं खूण घडीतून खाली सरके, बायकांच्या योनिमुखाच्या कडा ओढल्या जात. १९८८ मध्ये टेड लॉकवूड या अमेरिकन सर्जननी मांडीच्या आतल्या ऊती जांघेतल्या मजबूत पडद्याला टाके घालून बांधण्याची पद्धत मांडली. भार त्या पडद्यानं पेलला, की कातडीवर ताण कमी येतो.

तयारी आधीपासून लागते. वजन उतरवण्यासाठीची (बॅरिअॅट्रिक) शस्त्रक्रिया झाली असेल, तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबतात आणि वजन काही महिने स्थिर असल्याची खात्री करतात. हिमोग्लोबिन आणि प्रथिनं तपासतात, कारण ती कमी असली तर जखम भरायला वेळ लागतो. तंबाखू आणि सिगारेट निदान महिनाभर आधी बंद. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उभं करून पेनानं खुणा करतात, कारण आडवं झाल्यावर कातडीची लोंबण दिसत नाही. ऑपरेशन बहुधा पूर्ण भूल देऊन होतं, दोन-तीन तास चालतं. गरजेनुसार आत साचणारं पाणी काढायला नळी ठेवतात.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी थोडं चालवतात, पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून. पण पाय फाकवायचे नाहीत. म्हणजे मांडी घालून जेवण नाही, उकिडवं बसणं नाही, भारतीय पद्धतीचं शौचालय नाही, स्कूटरवर दोन्हीकडे पाय टाकून बसणं नाही. घरात कमोड नसेल, तर ती सोय आधी करावी. दाब देणारे घट्ट कपडे चार ते सहा आठवडे. बैठं काम दोन-तीन आठवड्यांनी, जड व्यायाम सहा आठवड्यांनंतर, तोही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

जांघेच्या टोकाला टाके थोडे उसवणं, पाणी साचणं, जंतुसंसर्ग हे त्रास इथे बऱ्यापैकी होतात. योग्य उपचारांनी बहुतेक वेळा बरे होतात, पण आठवडे जातात. लसिकावाहिन्या दुखावल्या, तर पायावर सूज रेंगाळते. पोटरी एकाएकी दुखून सुजली किंवा दम लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता इस्पितळ गाठावं.

खूण फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ती पुसली जात नाही. अंगावर केलॉइड (जखमेच्या जागी वाढणारे जाड, फुगीर व्रण) उठत असतील, तर पहिल्याच भेटीत सांगावं. निव्वळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही, म्हणून खर्च लेखी घ्यावा. सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी पाहावी आणि वर्षभरानंतरचे, खुणा स्पष्ट दिसणारे फोटो मागावेत. त्या खुणा पाहूनही रोजचं घासणं-सोलवटणंच जास्त जड वाटत असेल, तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात: दंडाची सैल कातडी.