फुकटच्या उन्हावर जाग

आपल्या शरीराचं तापमान दिवसभर एकसारखं नसतं. पहाटे ते सर्वांत कमी असतं, संध्याकाळी सर्वांत जास्त. हा फरक असतो जेमतेम एखाद्या अंशाचा. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात राहणाऱ्या जाडशेपट्या डनार्टच्या बाबतीत मात्र तो हिवाळ्यात वीस अंशांच्या आसपास जातो, तोही चोवीस तासांच्या आत.

डनार्ट दिसतो उंदरासारखा, पण तो कांगारूच्या गोतातला, पोटाला पिशवी असलेला प्राणी. वजन दहा-पंधरा ग्रॅम. रात्री किडे टिपायचे आणि दिवसा जमिनीच्या भेगांत दडायचं, हा त्याचा क्रम. पेल्यातला चहा पातेल्यातल्या चहाच्या आधी निवतो, तशी एवढ्याशा देहातली ऊब झपाट्याने निघून जाते. ती टिकवायची तर सतत खायला हवं. हिवाळ्यात रात्री गारठतात आणि किडेही कमी होतात.

मग डनार्ट ऊब टिकवण्याचा खटाटोपच थांबवतो. चयापचय मंदावतो, हृदयाचे ठोके आणि श्वास कमी होतात, शरीर निवत जातं. ही दैनिक सुप्तावस्था. शीतनिद्रेसारखी ती अनेक दिवस चालत नाही, काही तासांत संपते.

खरा खर्च असतो जागं होण्याचा. कुडकुडून अंग पुन्हा तापवायचं, तर वाचवलेल्या ऊर्जेतला मोठा वाटा त्यातच जातो. संशोधक फ्रिट्झ गायझर आणि सहकाऱ्यांनी रानातल्या डनार्टच्या शरीरात चिमुकले रेडिओ-प्रक्षेपक बसवले. तापमान बदललं की त्यांच्या संकेतांची गती बदलते, त्यामुळे प्राण्याला हात न लावता दुरूनच त्याचं तापमान मोजता येतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की शरीर 14.6 अंश सेल्सियसपर्यंत उतरलेलं असतानाही डनार्ट भेगेतून सरपटत वर येतात आणि उन्हात अंग शेकतात. सरड्याने करावं तसंच. तापवण्याचा बराचसा भार सूर्य उचलतो.

यात धोका आहेच. गारठलेला डनार्ट धड पळू शकत नाही आणि उघड्यावर शिकाऱ्याच्या नजरेत येऊ शकतो. तरीही तो बाहेर येतो, कारण किड्यांच्या टंचाईत उपासमारीचा धोकाही तेवढाच खरा असतो. तापमान कायम राखणं हे सस्तन प्राण्यांचं बलस्थान मानलं जातं. डनार्ट तगतो तो ते वेळेवर सोडून देता येतं म्हणून.