जे औषध सोसत नाही, तेच हवं असेल तर
औषधांची ॲलर्जी : लेखांक ४

पऱ्हाटीत निंदण सुरू झालं की हिंगणघाट तालुक्यात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. बाया वाकून हातानं तण उपटतात, म्हणून दंश पायालाच होतो असं नाही, बोटांनाही होतो. दवाखान्यात शिरेतून जे प्रतिसर्पविष सोडतात ते घोड्याच्या रक्तापासून बनतं. मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये ते वर्षानुवर्षं तयार होत आलं आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर ते चालतं. मात्र घोड्याचं प्रथिन आपल्या शरीराला परकं. त्यामुळे औषध सुरू होताच काहींच्या अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. या ॲनाफिलॅक्सिसची लक्षणं आपण मागच्या लेखांकात पाहिली. जे औषध जिवावर उठतं, तेच घेतल्याशिवाय जीव वाचणार नसेल, तर काय करायचं?

या प्रश्नाचं पहिलं उत्तरही घोड्याच्या रक्तद्रवावरच्या प्रयोगांतून मिळालं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत अलेक्झांडर बेझ्रेदका गिनीपिगांवर काम करत होते. ज्या मात्रेनं प्राणी तडफडून मरतो, तिच्याआधी अगदी सूक्ष्म मात्रा दिली आणि ती हळूहळू वाढवत नेली, तर तीच मारक मात्रा त्याला सोसते, असं त्यांनी दाखवलं. बेझ्रेदका मूळचे ओदेसाचे, शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांचे शिष्य. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते वाल्देमार हाफकिनही ओदेसाचेच आणि त्याच गुरूंचे विद्यार्थी.

गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की सर्पदंशात आज ही पद्धत वापरत नाहीत. विष चढत असताना तेवढा वेळच हाताशी नसतो. शिवाय ही प्रतिक्रिया बहुतेकदा नेहमीच्या ॲलर्जीच्या वाटेनं येत नाही, म्हणून आधी कातडीखाली थोडं औषध टोचून अंदाजही बांधता येत नाही. इथे कामाला येतं ते ॲड्रिनॅलिन. २०११ साली श्रीलंकेतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात हजारावर रुग्ण होते. आधीच त्वचेखाली थोडं ॲड्रिनॅलिन दिल्यानं गंभीर प्रतिक्रिया कमी झाल्या. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन ही औषधं मात्र त्या बाबतीत उपयोगी ठरली नाहीत.

बेझ्रेदकांची वाट खरी उपयोगी पडते ती जिथे थोडा अवधी असतो आणि दुसरं औषध नसतं तिथे. गरोदर बाईला सिफिलिस असेल तर पोटातल्या बाळाला वाचवायला पेनिसिलिनच लागतं. आणि तिलाच पेनिसिलिनची ॲलर्जी असली तर? १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली रीत आजही पाळली जाते. पहिली मात्रा तोंडावाटे फक्त १०० युनिटची, म्हणजे चार लाख युनिटांच्या गोळीचा चार हजारावा भाग. दर पंधरा मिनिटांनी साधारण दुप्पट. अशा चौदा मात्रा. चौदावी असते ६ लाख ४० हजार युनिटांची. चारेक तासांत जवळपास १३ लाख युनिट पोटात जातात. तेवढा वेळ नर्स पलंगाशी असते, शिरेत सुई लावलेली असते, नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहतात, ॲड्रिनॅलिन भरून ठेवलेलं असतं. अर्धा तास थांबून मग खरी उपचाराची मात्रा. कर्करोगाच्या कार्बोप्लॅटिनसारख्या औषधांसाठीही अशीच पायऱ्यापायऱ्यांची पद्धत आहे, ती शिरेतून आणि त्याहून सावकाश चालते.

ही पद्धत काम कशी करते? शरीरातल्या मास्ट पेशींवर ॲलर्जीची प्रतिपिंडं बसलेली असतात. औषध एकदम आलं की या पेशी भडकून हिस्टामिन ओततात. थेंबाथेंबानं आलं की त्या भडकत नाहीत, हळूहळू गप्प होतात. पण ही शांतता तात्पुरती असते. औषध नियमित चालू आहे तोवरच ती टिकते. काही दिवसांचा खंड पडला की ॲलर्जी पूर्ववत, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. ‘एकदा सोसलं, आता भीती नाही’ असं मानून घरी गोळी घेणं प्राणघातक ठरू शकतं. औषधानं कातडी सोलली गेली असेल, तोंडात-डोळ्यांत फोड आले असतील (स्टीव्हन्स-जॉन्सन), तर त्या औषधाच्या वाटेला पुन्हा अजिबात जायचं नाही. तिथे ही पद्धत निषिद्ध आहे.

मला यापेक्षाही मोठी काळजी वाटते ती खोट्या शिक्क्याची. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद असलेल्या दहांतल्या नऊ जणांना तपासणीनंतर ते सोसतं. संधिवाती तापानं हृदयाची झडप खराब झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई घ्यावी लागते. ती फार दुखते. दुखण्यानं किंवा धास्तीनं घाम फुटून चक्कर आली तरी चिठ्ठीवर ‘रिॲक्शन’ लिहिलं जातं, सुई बंद होते आणि झडप आणखी बिघडते. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘ॲलर्जी’ नको. कोणतं औषध, किती वेळानं त्रास झाला, गांधी उठल्या की श्वास लागला, काय दिल्यावर बरं वाटलं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो कागद घेऊन सेवाग्राम किंवा सावंगीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. चौदा पायऱ्यांची गरज आहे की साधी तपासणी पुरे, हे तिथले तज्ज्ञ त्यावरून ठरवू शकतील.

पुढच्या आठवड्यात : डोकेदुखीच्या गोळीनं ज्यांचा दमा उसळतो, त्यांच्याविषयी.